पॅरिसच्या बागेतलं फुकट पाणी आणि आपल्या कुलूपबंद विहिरी

मंगळवार पेठकर
काल एका भावाची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली, पॅरिसहून आल्या आल्या लिहिलेली. तिथं स्क्वेअर लामार्तीन म्हणून छोटी बाग आहे, बागेत नळ आहेत, त्यांना जमिनीखालच्या जवळजवळ सहाशे मीटरवरचं आर्टेशियन, म्हणजे पंपाशिवाय आपल्या दाबानं वर येणारं, पाणी येतं, लोक पिशव्यांतनं बाटल्या घेऊन येतात, भरतात, जातात, पैसा एक नाही. इथपर्यंत वाचायला बरं वाटलं. मग भावानं गिअर बदलला. "आणि आमचं कोल्हापूर? टाउन हॉलच्या बागेत नाहीतर महावीर उद्यानात अशी एक विहीर पाडायला महापालिकेला काय धाड भरलीय? इच्छाशक्तीच नाही, दुसरं काय." खाली लाईकचा पाऊस आणि "नाद खुळा", "एकदम करेक्ट".

गप्प बसवेना म्हणून लिहितोय, लांबणार आहे, ज्याला कंटाळा येईल त्यानं पुढं सरकावं.

पयली गोष्ट, इच्छाशक्तीनं आर्टेशियन पाणी लागत नाही. पॅरिसच्या खाली खडूचे, चिकणमातीचे, वाळूचे थर एकात एक ठेवलेल्या परातींसारखे बसलेत. वाळूचा थर लांब कडेला उघडा पडतो, तिथं पाऊस मुरतो, मधे तोच थर चिकणमातीखाली दाबून धरलेला असतो, म्हणून शहराच्या मध्यात भोक पाडलं की पाणी आपल्या दाबानं वर. आपल्याखाली काय आहे? काळा कातळ. लाव्हाचे थरावर थर, आणि त्यात पाणी राहतं ते भेगांत नाहीतर बारीक छिद्रांच्या मांजऱ्या खडकात. टाउन हॉलच्या बागेत दोन हजार फूट बोअर मारून धूळ बघायची हौस असेल तर मारा, पण आपल्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली गेलं की ती "खोल विहीर" होते आणि सरकारनं अधिसूचित केलेल्या क्षेत्रात तिच्यावर निर्बंध आहेत, हे पण बघून ठेवा.

दुसरी, तिथंही झटक्यात झालेलं नाही. ग्रेनेलची विहीर १८३३ ला धरली, ५४८ मीटरवर पाणी लागलं १८४१ ला. भावानं ज्या बागेत बाटली भरली ती पॅसीची विहीर, १८५५ ला सुरू, १८६१ ला पाणी, आणि ती मुळात लोकांना पाजायला नव्हतीच, बुआ द बुलोन्यच्या बागेतल्या तळ्यांसाठी होती. ती लागली आणि तिकडं ग्रेनेलचं पाणी घटलं. थर एक, तोंडं दोन, दुसरं काय होणार.

तिसरी आणि खरी. बिनपंपाचं, बिनलाइटबिलाचं पाणी आपल्याकडं होतं की रे. कात्यायनीच्या डोंगरातलं पाणी उतारानं शहरात आणलेलं, नंतर कळंबा तलाव झाला. पाण्याचा खजिना म्हटलं की रिक्षावाला आजपण बरोबर सोडतो, ते नाव काय हवेतनं आलंय? पेठांतल्या विहिरींचं काय झालं ते जुन्या लोकांना विचारा, कुठं भराव, कुठं स्लॅब, कुठं वर गाळे. अंबाबाईच्या देवळाजवळचं मनकर्णिका कुंड बुजवून वर बाग केली होती, स्वच्छतागृह होतं, आत्ता आत्ता उकरून मोकळं केलं. कुंडावर बाग करणारं गाव आता बागेत विहीर मागतंय.

आमच्या गल्लीमागच्या बागेत आजही एक विहीर आहे. काठाच्या दगडाला दोर घासून घासून बोटभर खोल खाचा पडल्यात, आतल्या भिंतीत पिंपळ, पाण्यावर थर्माकोलच्या प्लेटा, वर जाळी, जाळीला कुलूप, आणि किल्ली कुणाकडं ते विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. मे महिन्यातपण तिला पाणी असतं. ती उघडा, गाळ काढा, पाणी तपासा, नळ बसवा. पॅरिस गेलं उडत.

लामार्तीन रिटर्न
पोस्ट माझीच. नाव न घेता झोडपल्याबद्दल आभारी आहे.

मी भूगर्भशास्त्राचा पेपर लिहायला बसलो नव्हतो मर्दा. म्हणणं इतकंच होतं की शहराच्या मधोमध माणसाला फुकट, चांगलं पाणी मिळावं. संध्याकाळी रंकाळ्यावर पोराला तहान लागली की वीसची बाटली काढायची, हे तुला बरोबर वाटतं का? पाणपोया कुठं आहेत सांग. जिथं आहेत तिथं नळाची तोटी गायब नाहीतर गुटख्याच्या पिचकाऱ्या.

आणि तुमचा तो काळा कातळ. मग पावसाळ्यात बोअरमधून आपोआप पाणी उडतं ते व्हिडिओ काय मॉर्फ केलेले असतात?

केसिंग पाईप
बोअरच्या गाडीवर जन्म गेलाय म्हणून बोलतो. दोघं पण निम्मं निम्मं बोलताय.

आपल्या कातळात पण दाबाचं पाणी लागतं. गाडी चालू असताना हवेबरोबर धूळ वर येती, आधी मुरमाची पिवळट, मग कातळाची करडी. मधेच ती एकदम लालभडक झाली की समजायचं गेरूचा थर लागला. तो थर पाणी सोडत न्हाई, झाकणच ते. त्याच्या खाली मांजऱ्या लागला तर धूळ बसती, चिखल येतो आणि मग भस्सकन फवारा. अडीचशे फुटावर लागलेलं पाणी चाळीस फुटापर्यंत वर येऊन थांबतं हे आम्ही कायम बघतो, दाब असल्याशिवाय येईल का? तेवढा दाब जमिनीच्या वर आणायला पुरत न्हाई एवढंच. पन्हाळ्याच्या बाजूला, शाहूवाडी, भुदरगडकडं डोंगराच्या पायथ्याला जुलै-ऑगस्टात केसिंगच्या तोंडातनं बाहेर पडतं. खालची शेतं पण उपळतात की त्याच वक्ताला. वरनं डोंगर पाणी पिऊन टम्म असतोय.

मग लोक जमतात, चमत्कार म्हणून नारळ फोडतात, व्हिडिओ काढतात. दिवाळी झाली की पाणी खाली. जानेवारीत व्हिडिओ काढायला कोण येत न्हाई.

आणि एक राहिलंच. पानाड्या येतो, हातावर नारळ उभा करतो, बोट दाखवतो, नोटा खिशात घालून जातो. पाणी लागलं तर पानाड्याचा हातगुण, न्हाई लागलं तर गाडीवाल्यानं घाण केली. आणि आम्हाला म्हणणार फुटाला पाच रुपये कमी करा.

करवीरचा जावई
पानाड्याला नावं ठेवू नका. आमच्या सासऱ्यांच्या मळ्यात पाणी शोधायचं मशीन लावून मारलेल्या तीन बोअर फेल गेल्या, पानाड्यानं दाखवलेली अजून चालू आहे. शास्त्र सगळ्याला लागू होत नसतं.

केसिंग पाईप
चौथ्या ठिकाणी लागायचंच होतं पाव्हणं.

राजारामपुरी ताई
तुम्ही थर आणि फूट मोजत बसा. मी २०२१ च्या जुलैचं सांगते. आमच्याकडं पुराचं पाणी शिरलं नाही, आम्ही उंचावर, पण शिंगणापूर, बालिंगा, शहराला पाणी देणारे सगळे पंप पाण्याखाली आणि नळ कोरडा. खिडकीतनं बघावं तर धो धो पाऊस आणि घरात हंडा पालथा. टँकर येणार येणार म्हणून माणसं रेनकोट घालून रस्त्यावर उभी. २०१९ ला पण हेच झालेलं, तेव्हा पण कुणी काही शिकलं नाही.

गल्लीच्या टोकाला जुना बंगला आहे, मागं विहीर. मालक एरवी कुणाला फाटकात उभं करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी फाटक काढूनच ठेवलं. लाइट नाही म्हणून मोटर नाही, रहाट गंजलेला, शेवटी पोरांनी दोर-बादलीनं ओढून काढलं. आमच्या वयस्कर सासूबाईंनी त्या पोरांना बादली बुडवायला शिकवलं, कारण नुसती सोडली की ती तरंगतच राहते, दोराला हिसका देऊन तोंड वाकडं करावं लागतं. ते दिवस अख्ख्या गल्लीनं त्या विहिरीवर काढले. तेव्हापासून मला कुणी विहीर बुजवायचं नाव काढलं की डोक्यात तिडीक जाते. पेठकर बरोबर आहेत.

टीसीएल आणि मी
ताई, तुमच्या भावनांचा आदर आहे, पण त्याच पुरात आमच्या गल्लीतपण अशीच विहीर उघडली होती. चवीला गोड, बर्फासारखं गार, सगळे वा वा करत पीत होते. चौथ्या दिवशी माझा मुलगा सलाईनवर. शेजारच्या दोन घरांत जुलाब. विहिरीच्या वरच्या अंगाला ड्रेनेजची लाइन, ती पावसात कुठं फुटली होती कुणाला माहीत.

मी जिल्ह्यातल्याच एका गावात पाणी तपासायचं काम केलंय. एचटूएसची बाटली असते, पाणी भरायचं, दिवसभर ठेवायची, पाणी घाण असलं की काळी पडते. पावसाळ्यात जुन्या विहिरींचं पाणी भरून ठेवलं की सकाळपर्यंत डांबर. पारदर्शक दिसतं म्हणून स्वच्छ असतं हा जो गैरसमज आहे ना, त्यानं जेवढे दवाखाने चालतात तेवढे दुसऱ्या कशानं चालत नसतील.

विहीर उघडायची असेल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, रोज पडली पाहिजे, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायच्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला पाहिजे, आणि ते करायला पगारी माणूस पाहिजे. नसेल तर कुलूप आहे ते बरं आहे.

मंगळवार पेठकर
मी "पाणी तपासा" लिहिलंय. वाचता येत नाही का?

टीसीएल आणि मी
एकदा तपासून बोर्ड लावणं म्हणजे तपासणं नव्हे. बोर्ड दहा वर्षं तसाच राहतो, खालचं पाणी आठवड्यात बदलतं. तुमच्या पेठेतल्या बोर्डांचा इतिहास मला सांगू नका.

शिवाजी पेठ तालीम
पेठेवर घसरायचं काम नाही हां.

पुण्यात अडकलेला कोल्हापुरी
टीसीएल टाकून पाण्याची चव घालवायची आणि मग म्हणायचं विहिरी वाचवल्या. अरे कोल्हापूरच्या जेवणाची चव पाण्यात आहे. आमची आई पुण्याला येताना पाच लिटरचा कॅन घेऊन येते पांढऱ्या रस्स्यासाठी. इथल्या पाण्यात कितीही करा, ती चव येत नाही. आणि आजी तर म्हणायची की नळ आल्यापासून रस्सा बिघडला, आधी विहिरीच्या पाण्यात काय व्हायचा!

राजारामपुरी ताई
पांढरा रस्सा अळणीवर, मटणाच्या सुपावर होतो, ओलं खोबरं, काजू, खसखस नीट वाटलं की होतो. पाण्याचा काय संबंध? कॅन घेऊन एसटीत चढणारी ती बिचारी बाई, तिला मिक्सर घेऊन द्या चांगला.

पुण्यात अडकलेला कोल्हापुरी
संबंध आहे. चहा घ्या. इथं चहावर तवंग येतो, गावी येत नाही.

निवृत्त केमिस्ट्री
तवंग येतो तो पाणी जड असल्यामुळे. कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार. आणि गंमत अशी की आपल्या कातळातल्या विहिरींचं, बोअरचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा सहसा जडच असतं. त्यामुळे विहिरीच्या पाण्यात जेवण चांगलं होतं हे तपासायचं असेल तर तूरडाळ लावून बघा. क्षार डाळीच्या पेशी जोडून धरणाऱ्या पेक्टिनला धरून बसतात आणि डाळ शिजायला वेळ लागतो. मी वर्गात करून दाखवायचो, दोन भांडी, एकच डाळ, एकाच आचेवर.

सानेगुरुजी वसाहत
हे मात्र खरं आहे. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी सोडतात. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली कचकच. लग्न होऊन आले तेव्हा सासरी वाटायचं सुनेला डाळ शिजवता येत नाही. किती दिवस ऐकून घेतलं मी.

करवीरचा जावई
डाळ आधी भिजत घालावी लागते. आमच्याकडं बोअरच्याच पाण्यावर सगळं होतं, कुणाची तक्रार नाही. हल्लीच्या बायकांना घाई फार, भिजवायला नको, कुकर लावला की मोबाईल.

सानेगुरुजी वसाहत
जावईबापू, तुम्ही शेवटची डाळ कधी भिजवली?

राजारामपुरी ताई
जावई आहेत ते. ताटावर बसायचं काम असतं त्यांचं.

करवीरचा जावई
पर्सनल जायची गरज नाही. मी सर्वसाधारण बोललो.

सानेगुरुजी वसाहत
मग मीपण सर्वसाधारणच विचारलं. उत्तर द्या ना. तुमच्या घरी पाणी कोण भरतं, डाळ कोण भिजवते आणि बोअरचं पाणी छान आहे हे सर्टिफिकेट कोण देतं?

शिवाजी पेठ तालीम
आर्टेशियनवरनं डाळीवर आला व्हय रे. चालू द्या, चालू द्या.

निवृत्त केमिस्ट्री
एक दुरुस्ती. भिजवल्याने फरक पडतो, पण त्याच जड पाण्यात भिजवली तर कमी पडतो. चिमूटभर सोडा टाकला तर लवकर शिजते, चव आणि जीवनसत्त्व दोन्ही थोडी जातात.

पुण्यात अडकलेला कोल्हापुरी
सर, डाळीचं राहू दे, रस्सा. मटण जड पाण्यात कसं शिजतं?

निवृत्त केमिस्ट्री
मी शाकाहारी आहे.

थेट पाईपलाईन पीडित
पाण्यावर चर्चा चालली आहे आणि कुणी मूळ दुखणं काढत नाही म्हणून मी काढतो. काळम्मावाडी थेट पाईपलाईन. २०१३ ला मंजूर. पंचवीस-पन्नास नव्हे, ४८८ कोटींची योजना. दर दिवाळीला या वर्षी त्या पाण्यानं अभ्यंगस्नान म्हणून सांगायचे, आम्ही उटणं आणून ठेवायचो. शेवटी २०२३ च्या दिवाळीला पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राला आलं. बरं, आलं. आता तरी बादली भरावी, तर कधी पंप बंद, कधी व्हॉल्व्ह, कधी केबल. आमच्याकडं आजपण एक दिवसाआड आणि तेपण पहाटे. धरणापासनं ५० किलोमीटरवर पाईप घालून ही अवस्था आणि तुम्ही विहिरींचं रोमँटिक काय बोलताय.

लामार्तीन रिटर्न
ऐका आता, तुम्हाला आवडेल. पॅरिसमध्येच दुसरी एक आर्टेशियन विहीर आहे, ब्यूत-ओ-काय म्हणून भाग आहे तिथं. १८६० च्या दशकात काम धरलं, मधे कितीतरी वर्षं बंद पडलं, पाणी लागलं १९०४ ला. तिथं पण प्लास पॉल व्हर्लेनमध्ये लोक बाटल्या भरतात आणि शेजारी त्या पाण्याचा पोहण्याचा तलाव आहे, कारण वर येतं तेव्हाच ते २८ अंश कोमट असतं. चाळीस वर्षं लागली त्यांना. त्या हिशोबानं आपली दहा म्हणजे सुपरफास्ट.

थेट पाईपलाईन पीडित
म्हणजे २०५३ पर्यंत तक्रार करायची नाही म्हणता. बरं.

भूजलवाला
थोडं मूळ विषयाकडं येऊ का?

लामार्तीनसाहेब, तुमच्या त्या बागेतल्या नळामागं काय आहे ते पोस्टमध्ये आलं नाही. ते पाणी पॅरिसची पाणीपुरवठा संस्था तपासते, नळ ते बघतात. दुसरं, त्या खोल थराचं पाणी आता हात राखून काढतात, कारण विसाव्या शतकात इतक्या विहिरी पाडल्या की दाब खूप उतरला, आणि तो थर आता नदीचं पाणी बिघडलं तर अडीअडचणीला प्यायचा साठा म्हणून राखून ठेवलाय. म्हणजे फुकट दिसतं ते फुकट नाही.

लंडनला ट्रफाल्गर चौकातली कारंजी १८४० च्या दशकात आर्टेशियन पाण्यावर सुरू केली होती. शहरभर बोअर झाल्या, पातळी खाली गेली, पाणी आपोआप यायचं थांबलं. ऑस्ट्रेलियात तर दाबाच्या पाण्याच्या बोअर उघड्या सोडून दिल्या होत्या, मातीच्या पाटातून मैलोन्‌मैल, बहुतेक पाणी वाफ होऊन आणि मुरून जायचं, १९९९ पासून सरकारनं पैसे घालून त्यांना व्हॉल्व्ह आणि पाईप बसवले. आपोआप येणारं पाणी माणूस किती जपतो याचा हा हिशोब.

आणि "भारतात आर्टेशियन नाही" असं कुणी म्हणू नये म्हणून, हिमालयाच्या पायथ्याला तराईत आहे, तमिळनाडूत कडलूरकडं आहे. नेयवेलीच्या लिग्नाइट कोळशाच्या खाणीत खालून दाबाचं पाणी फुटू नये म्हणून अखंड उपसा करावा लागतो. तिकडं तो प्रॉब्लेम आहे, आपण त्याची पोस्टकार्डं पाठवतोय.

लामार्तीन रिटर्न
मान्य. म्हणजे तुमचं म्हणणं, पाणी तपासायला संस्था पाहिजे, नळ सांभाळायला माणूस पाहिजे. मीपण तेच म्हटलेलं, इच्छाशक्ती. तुम्ही लांब करून सांगितलंत.

मंगळवार पेठकर
काय पण फिरवतोस! तू "विहीर पाडा" म्हटलेलास.

बुडापेस्टचा पाहुणा
कुणी बुडापेस्टचं नाव काढलं नाही. तिथं सिटी पार्कच्या तोंडाशी १८७८ ला ९७० मीटरवर ७४ अंशाचं पाणी लागलं, पुढं त्यावर सेचेनीची स्नानगृहं झाली. जाऊन आलोय.

शिवाजी पेठ तालीम
७४ अंश? आपल्याकडं लागलं असतं तर कडेला मिसळीची गाडी आणि वर तीन मजली लॉज. आणि पार्किंगवरनं मारामारी.

कळंबा रोड
माझा वेगळा मुद्दा. विहिरी कुणी घाण केल्या ते बोला की. निर्माल्य कोण टाकतं? देव्हाऱ्यातले फुटके फोटो, नारळ, जुन्या पोथ्या प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून. महापालिका काय घरी येऊन पिशवी बांधते का?

करवीरचा जावई
झालं. घसरले सणांवर. ड्रेनेज सोडणारे दिसत नाहीत, जयंती नाल्याचं पाणी पंचगंगेत जातं ते दिसत नाही, फुलं दिसली.

कळंबा रोड
मी सण हा शब्द लिहिलाच नाही. पिशवी लिहिलंय. प्लास्टिकची. पिशवीचा धर्म कुठला?

करवीरचा जावई
रोख कळतो आम्हाला.

केसिंग पाईप
फुलं काय, नाला काय, दोन्ही खालीच जातं. गाळ काढायला उतरणाऱ्याला विचारा. माझा एक दोस्त उतरायचा विहिरीत. वरनं बघणाऱ्याला वाटतं माती असंल. खाली पिशव्याच पिशव्या, एकमेकीत अडकलेल्या, त्याच्याखाली काचा, मग चिखल, मग झरा. झरा मोकळा झाला की पायाला गार धार लागती, तेव्हा वर ओरडून सांगायचं "लागलं". दिवा खाली सोडल्याशिवाय कुणी उतरत न्हाई. दिवा विझला तर माणसानं उतरायचं न्हाई, हवा खराब. ही गोष्ट लिहून ठेवा, कारण उत्साहात मंडळाची पोरं उतरतील आणि नको ते होईल.

टीसीएल आणि मी
ह्या माणसाचं एक तरी वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. आजच्या चर्चेतला कामाचा मजकूर तेवढाच आहे.

राजारामपुरी ताई
मग तुमचं उत्तर काय? कुलूपच ठेवायचं? पुन्हा पूर आला, पुन्हा पंप बुडाले, तर?

टीसीएल आणि मी
कुलूप काढा, पण प्यायचं पाणी म्हणून नको. बागेला, झाडांना, सार्वजनिक स्वच्छतागृहाला ते पाणी वापरा. वापरात राहिली की विहीर जिवंत राहते, उपसा होतो, पाणी फिरतं राहतं. बागेत आत्ता झाडांना काय घालता? फिल्टरचं पाणी. पुईखडीला शुद्ध केलेलं पाणी गवतावर. पुराच्या दिवसांत तेच विहिरीचं पाणी उकळून, टीसीएल टाकून. म्हणजे तुमच्या विहिरीला मी विरोध केलेला नाही ताई, तुमच्या ग्लासला केलाय.

राजारामपुरी ताई
बरं बाई, सॉरी, बरं दादा. एवढं चालेल. पण सासूबाईंना ग्लासाचं तुम्ही सांगायचं.

मंगळवार पेठकर
म्हणजे एवढं भांडून शेवटी माझंच. विहीर उघडा, गाळ काढा, पाणी तपासा. नळ फक्त झाडांचा.

टीसीएल आणि मी
"फक्त" या शब्दात सगळं आहे पेठकर, पण असू दे, तुमचं तर तुमचं.

लामार्तीन रिटर्न
माझ्या पोराच्या तहानेचं काय झालं मग? झाडं पिणार, पोरगं वीसची बाटली घेणार.

निवृत्त केमिस्ट्री
त्याला घरून बाटली भरून द्या. आम्ही तेच करायचो.

पुण्यात अडकलेला कोल्हापुरी
रस्स्याचा विषय राहिलाच. आईला आत्ता फोन लावला. ती म्हणते कॅनमधलं पाणी नळाचंच असतं, विहिरीचं नव्हे, विहीर तर आमच्या घराजवळ कधी नव्हतीच. तरी मी म्हणतो फरक आहे. पुणेकरांना काय कळणार.

सानेगुरुजी वसाहत
जावईबापू, डाळीचं उत्तर अजून आलं नाही.

केसिंग पाईप
पेठकर, गाळ काढायला क्रेन आणि लोखंडी बादली वळखीच्याकडं हाय, बोलून ठेवतो. डिझेल तुमचं, वर दोर धरायला माणसं तुमची, आधी ती किल्ली शोधा. पावसाच्या आत काम झालं पायजे. आणि जावईसायबांना येऊ द्या, पण त्यांच्या पानाड्याला बोलवू नका, पाणी लागलेलंच हाय तिथं, उगंच नारळ वाया जाईल.